मासा, नांगर आणि तीन अक्षरं : सुरुवातीच्या ख्रिस्ती चिन्हांचा अर्थ कसा लावायचा

तुमच्या प्रश्नात तीन गोष्टी एकत्र आल्या आहेत. जुन्या गोव्यात बॉम जेझुस बॅसिलिकेच्या दर्शनी भागावर 'आय-एच-एस' ही अक्षरं तुम्ही पाहिलीत आणि बरोबरच्या माणसाने त्यांचा अर्थ 'आय हॅव सफर्ड' असा सांगितला. मासा ही ख्रिस्ती लोकांच्या छळाच्या काळातली गुप्त खूण होती, एकाने धुळीत अर्धी कमान काढायची आणि दुसऱ्याने उरलेली पुरी करायची, असं तुमच्या वाचनात आलं. आणि आणखी कोणी म्हणालं की ही सगळी चिन्हं ग्रीक-रोमन देवदेवतांकडून उचललेली आहेत. यातलं खरं काय, आणि कोणत्या चिन्हाचा अर्थ काय याची एखादी यादी मिळेल का, असं तुम्ही विचारलंत.

याद्या ढीगभर मिळतात. मासा म्हणजे ख्रिस्त, (जहाजाचा) नांगर म्हणजे आशा, मोर म्हणजे अमरत्व. अडचण ही की त्या यादीत तिसऱ्या शतकातलं रोम, सहाव्या शतकातलं राव्हेना आणि तेराव्या शतकातलं फ्रान्स एकाच ओळीत बसवलेलं असतं. पिलांना स्वतःचं रक्त पाजणारा पेलिकन पक्षी अशा प्रत्येक यादीत असतो. पण चित्रांत आणि कोरीवकामात तो मध्ययुगात रुजला. तिसऱ्या शतकातल्या थडग्यावर तो शोधायला गेलात तर हाती काही लागणार नाही, किंवा भलताच पक्षी पेलिकन वाटू लागेल.

म्हणून चिन्हापेक्षा आधी वस्तूकडे बघायचं. ती थडग्याची पाटी आहे, अंगठी आहे, नाणं आहे की हस्तलिखिताचं पान? ती कुठली आणि साधारण कोणत्या काळातली? चिन्हाच्या शेजारी काय कोरलंय, काय लिहिलंय? हे झाल्यावरच त्या काळातल्या ख्रिस्ती लेखकांनी त्याबद्दल काय लिहून ठेवलंय ते बघायचं. हा क्रम उलटा केला, म्हणजे लेखकाचं वाक्य आधी डोक्यात घेऊन दगड पाहिला, की दगडात तेच दिसायला लागतं. या विषयातल्या निम्म्याहून अधिक चुका तिथेच होतात असं माझं मत आहे.

मासा आधी घेतो, कारण त्याच्याबद्दलचा पुरावा चांगला दाट आहे. ग्रीक भाषेत माशाला 'इख्थुस' म्हणतात. इओटा, खी, थीटा, इप्सिलॉन, सिग्मा अशी त्याची पाच अक्षरं. 'इएसूस ख्रिस्तोस थेऊ हुइओस सोतेर', म्हणजे येशू ख्रिस्त, देवाचा पुत्र, तारणारा, या पाच शब्दांची आद्याक्षरं ओळीने घेतली की तोच शब्द तयार होतो. ('हुइओस'मधला 'ह' ग्रीक लिपीत वेगळं अक्षर म्हणून येत नाही, शब्द इप्सिलॉननेच सुरू होतो. देवनागरीत लिहिताना हिशेब चुकल्यासारखा वाटतो तो एवढ्यासाठी.)

ही जुळणी ग्रीकमध्येच साधते. लॅटिनमध्ये मासा 'पिस्किस', त्यातून काही निघत नाही. तरी उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचा ख्रिस्ती लेखक तेर्तुलियन इ.स. २०० च्या सुमारास बाप्तिस्म्याविषयी, म्हणजे पाण्याने होणाऱ्या ख्रिस्ती दीक्षेविषयी, लॅटिनमध्ये लिहिताना मध्येच हा ग्रीक शब्द घालतो. आपण छोटे मासे आहोत, आपल्या इख्थुस येशू ख्रिस्ताप्रमाणे पाण्यात जन्मतो, असा त्याचा आशय. तो शब्द त्याने फोडून सांगितलेला नाही. वाचकाला तो ठाऊक असणारच, हे त्याने गृहीत धरलंय. पाचही शब्द फोडून दाखवणारं स्पष्टीकरण पुढे पाचव्या शतकात उत्तर आफ्रिकेतला बिशप ऑगस्टीन देतो.

मग मासा आधी की आद्याक्षरं आधी? इथे ठाम उत्तर देणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही. साधारण त्याच काळात अलेक्झांड्रियाचा ख्रिस्ती लेखक क्लेमेंट ख्रिस्ती लोकांनी मुद्रेच्या अंगठीवर काय कोरावं ते सांगतो: कबुतर, मासा, वाऱ्यावर धावणारं जहाज, वीणेसारखं तंतुवाद्य, जहाजाचा नांगर. मासे पकडणारा माणूस कोरला तर प्रेषिताची आणि पाण्यातून वर काढलेल्या लेकरांची आठवण होईल, असंही म्हणतो. मूर्तींचे चेहरे नकोत, तलवार-धनुष्य नको, मद्याचे पेले नकोत. या यादीत मासा आहे, पण आद्याक्षरांचा उल्लेखसुद्धा नाही. शिवाय नांगर सेल्युकस राजाच्या मुद्रेवर होता, हे क्लेमेंट स्वतःच मोकळेपणाने सांगतो. बाजारातल्या मुद्रा-कोरणाऱ्याकडे जे नमुने मिळत, त्यांतून आपल्याला चालतील ते निवडा, असा हा सल्ला आहे. शुभवर्तमानातले, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रातले, कोळी शिष्य, पाच भाकरी आणि दोन मासे, बाप्तिस्म्याचं पाणी या सगळ्यांतून मासा आधीच जवळचा झाला होता आणि आद्याक्षरांनी त्यावर गाठ मारली, असं मला वाटतं. हा माझा अंदाज आहे, पुरावा नव्हे.

आता गुपिताचा मुद्दा. धुळीतल्या दोन कमानींची गोष्ट एकाही प्राचीन लेखकाने सांगितलेली नाही. वाळूत मासा काढणारी ख्रिस्ती मुलगी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या एका गाजलेल्या पोलिश कादंबरीत आहे, आणि माशाची गुप्त खूण लोकांच्या मनात ठसवण्यात तिचा वाटा मोठा आहे. खऱ्या पुराव्यातून वेगळंच चित्र दिसतं. आजच्या तुर्कस्तानात, प्राचीन फ्रिजियातल्या हिएरोपोलिस गावी अबेर्किउस नावाच्या माणसाचा थडग्यावरचा लेख होता. त्याचे तुकडे विल्यम रॅम्झी यांना १८८३ मध्ये मिळाले आणि आज ते व्हॅटिकनच्या संग्रहालयात आहेत. अबेर्किउस म्हणतो, मी रोम पाहिलं, सीरिया पाहिला, युफ्रेटिस ओलांडून निसिबिसला गेलो. सगळीकडे श्रद्धेने मला अन्न वाढलं: झऱ्यातला मासा, मोठा आणि निर्मळ, एका पवित्र कुमारिकेने धरलेला, सोबत द्राक्षारस आणि भाकर. ज्याला हे समजेल त्याने माझ्यासाठी प्रार्थना करावी.

इथे मासा म्हणजे प्रभुभोजनातला, म्हणजे उपासनेतल्या भाकर-द्राक्षारसाच्या विधीतला ख्रिस्त. भाषा आतल्या माणसांनाच कळावी अशी आहे, यात शंका नाही. पण त्याच लेखाच्या शेवटी धमकी आहे: माझ्या थडग्यात दुसऱ्या कोणाला पुराल तर रोमच्या खजिन्यात दोन हजार आणि हिएरोपोलिस गावाला एक हजार सोन्याची नाणी दंड भरा. लपून राहणारा माणूस स्वतःच्या थडग्याचा दंड रोमन सरकारच्या नावे लावत नाही. काळही पक्का ठरवता येतो: याच लेखाच्या ओळी उचलून कोरलेला अलेक्झांडर नावाच्या माणसाचा दुसरा थडगेलेख त्याच भागात मिळाला आहे आणि त्यावरची तारीख इ.स. २१६ ची आहे. अबेर्किउसचा लेख अर्थातच त्याआधीचा.

भुयारी दफनभूमींचं, म्हणजे रोमच्या कॅटॅकोमचं, तेच. त्या लपायच्या जागा नव्हत्या. मऊ ज्वालामुखी दगडात खोदलेली, शहराच्या वेशीबाहेर हमरस्त्यांलगतची ती कबरस्तानं होती. इ.स. २५७ मध्ये सम्राट व्हॅलेरियनने ख्रिस्ती लोकांना त्यांच्या दफनभूमीत जायला बंदी केली. जागा माहीत होत्या म्हणूनच बंदी घालता आली.

एक पाटी जवळून बघू. व्हॅटिकन टेकडीच्या परिसरातली, तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीची, लिकिनिया अमियास नावाच्या बाईची संगमरवरी पाटी. सगळ्यात वर 'डी' आणि 'एम' ही लॅटिन अक्षरं, मध्ये पानांचं कडं. ही अक्षरं म्हणजे पितरांच्या देवतांना उद्देशून असलेल्या रोमन अर्पण-वाक्याचं संक्षिप्त रूप. त्याखाली ग्रीकमध्ये दोन शब्द: 'इख्थुस झोन्तोन', जिवंतांचा मासा. त्याखाली दोन मासे आणि त्यांच्या मधोमध नांगर. मग पुन्हा लॅटिनमध्ये बाईचं नाव, आणि पुढे दगड तुटलेला.

नवखा माणूस वरची दोन अक्षरं पाहून म्हणेल की बाई मूर्तिपूजक होती, नाहीतर अर्धी-अर्धी. तसं धरायचं कारण नाही. थडग्याच्या पाटीवर 'डी-एम' कोरणं ही पाथरवटाच्या हाताची सवय होती. कित्येकदा पाटी ती अक्षरं कोरूनच विकायला ठेवलेली असे. आपल्याकडे पत्राच्या माथ्यावर 'श्री' घालतात, तसं. श्रद्धा कळते ती खालच्या ग्रीक शब्दांतून, कारण ते मुद्दाम सांगून कोरून घेतलेत. पाटी वाचताना 'छापील' भाग कोणता आणि 'मागणीवरून' कोरलेला कोणता, एवढं वेगळं करता आलं की बराचसा गोंधळ मिटतो. इथे मासा ख्रिस्ती आहे हेही त्या दोन शब्दांमुळेच ठरतं. ते नसते, आणि नुसते मासे व नांगर असते, तर एखाद्या खलाशाची किंवा मासळीच्या व्यापाऱ्याची पाटी म्हणूनही तिचा विचार करावा लागला असता.

याच कारणाने तुर्कस्तानातल्या प्राचीन एफेसस शहराच्या फरसबंदीवरच्या 'चाकां'बद्दल जपून राहा. आठ आऱ्यांचं वर्तुळ दाखवून, यात इख्थुसची पाचही अक्षरं एकावर एक बसवलीत, असं तिथे सांगतात. आठ आऱ्यांच्या वर्तुळात सरळ रेघा, तिरक्या रेघा आणि गोलाकार सगळंच असतं. त्यातून हवी ती ग्रीक अक्षरं काढता येतात. असली वर्तुळं रोमन शहरांच्या फरशांवर आणि पायऱ्यांवर जागोजागी कोरलेली आहेत आणि त्यांतली बरीचशी सोंगट्यांच्या खेळांची आहेत. सोबत अक्षरलेख नसेल तर मी त्याला ख्रिस्ती चिन्ह म्हणणार नाही.

नांगराबद्दल थोडक्यात. बायबलमधल्या 'इब्री लोकांस पत्र' या पत्राच्या सहाव्या अध्यायात आशेला जिवाचा नांगर म्हटलंय, आणि रोममधल्या जुन्या ख्रिस्ती थडग्यांवर, विशेषतः प्रिस्किल्लाच्या कॅटॅकोममध्ये, तो पुष्कळ आढळतो. चौथ्या शतकात मात्र तो जवळपास नाहीसा होतो. नांगर म्हणजे 'लपवलेला क्रूस' हे स्पष्टीकरण लोकप्रिय आहे. आडव्या दांडीमुळे तसं दिसतं खरं, पण नांगराला आडवी दांडी असतेच.

'उचललेली चिन्हं' हा तुमचा तिसरा मुद्दा अर्धा बरोबर आहे, आणि त्याची बरोबर असलेली बाजू फार सुंदर आहे. खांद्यावर मेंढरू घेतलेला तरुण ग्रीक कलेत ख्रिस्ताच्या कित्येक शतकं आधीपासून आहे. हर्मीस देवाच्या मूर्ती तशा आहेत. रोमन काळात तो माणुसकीचं, निवांत ग्रामीण सुखाचं चित्र म्हणून शवपेट्यांवर येतो. हात वर करून प्रार्थना करणारी स्त्री तशीच भक्तिभावाची खूण. रोममधल्या सांता मारिया अँटिक्वा चर्चमधली इ.स. २७० च्या सुमाराची दगडी शवपेटी बघा. त्यावर मेंढपाळ आहे, प्रार्थना करणारी स्त्री आहे, गुंडाळी वाचत बसलेला तत्त्वज्ञ आहे. या तिघांपाशी थांबलात तर गिऱ्हाईक कोण ते कळणारच नाही. पण एका बाजूला वेलाखाली उघडा पहुडलेला योना, म्हणजे बायबलच्या कथेत जलचराने गिळलेला संदेष्टा, आहे आणि दुसऱ्या बाजूला बाप्तिस्मा. आता शंका उरत नाही. आणि जवळ जाऊन पाहिलं तर स्त्रीचा आणि तत्त्वज्ञाचा चेहरा अर्धवट सोडलेला दिसतो: विकत घेणाऱ्या नवरा-बायकोचे चेहरे नंतर कोरायचे होते, ते कोरायचे राहूनच गेले. कारखान्यात तयार होणारा माल आणि गिऱ्हाइकाची श्रद्धा यांची गाठ कशी पडते, ते या दोन कोऱ्या चेहऱ्यांइतकं स्पष्ट दुसरीकडे क्वचितच दिसतं.

तो योनासुद्धा निरखून पाहा. एक हात डोक्यामागे, अंग सैल, झोपेत. ही बैठक एंडिमिऑनची, चंद्रदेवीने प्रेम केलेल्या, कायमच्या झोपी गेलेल्या तरुणाची. योनाला गिळणारा जलचरसुद्धा ग्रीक कथांमधला वळणदार शेपटीचा सागरी राक्षस आहे, देवमासा नाही. कोरणाऱ्याच्या हाताला जे आकार येत होते त्यांतच त्याने बायबलची कथा बसवली. म्हणून अर्थही उसना झाला का? नाही. तीन दिवस पोटात राहून बाहेर आलेला योना हे पुनरुत्थानाचं चिन्ह आहे, असं मत्तयच्या शुभवर्तमानात येशूच सांगतो. एंडिमिऑन कधीच उठत नाही, योना उठतो. शब्द उसने आणि वाक्य स्वतःचं, असा हा प्रकार आहे. योनावरचा वेल या चित्रांत बहुतेक वेळा लोंबत्या दुधीभोपळ्यांचा असतो, कारण ग्रीक बायबलमध्ये तिथे भोपळ्याचा शब्द आहे. पुढे जेरोमने लॅटिन भाषांतरात तिथे आयव्हीचा वेल आणला, तेव्हा उत्तर आफ्रिकेतल्या एका मंडळीत लोकांनी गोंधळ घातला, हे ऑगस्टीनने जेरोमलाच पत्रातून कळवलं. लोकांना ते भोपळे किती पाठ होते, याचा यापेक्षा चांगला पुरावा कुठला?

मोराबद्दलही ऑगस्टीनच कामी येतो. मोराचं मांस कुजत नाही अशी समजूत होती. त्याने कार्थेजमध्ये शिजवलेल्या मोराचा तुकडा मुद्दाम ठेवून पाहिला, आणि वर्षभराने तो थोडा सुकलेला, आक्रसलेला होता इतकंच, असं तो लिहितो. म्हणून ख्रिस्ती थडग्यावर मोर दिसला तर अमरत्वाचा अर्थ बसतो. पण बागेच्या भित्तिचित्रात मोर केवळ शोभेसाठीही असे, आणि तिथे अर्थ ओढूनताणून लावू नये.

क्रूसाचं काय? सुरुवातीची तीन शतकं क्रूसाचं चित्र फार क्वचित सापडतं. क्रूसावर खिळणं ही गुलामांना आणि गुन्हेगारांना दिली जाणारी शिक्षा होती आणि लोकांच्या डोळ्यांसमोर घडत होती. रोमच्या पॅलाटाइन टेकडीवर भिंतीच्या गिलाव्यात ओरखडलेलं इ.स. २०० च्या आसपासचं एक चित्र आहे: क्रूसावर गाढवाच्या डोक्याचा माणूस, समोर हात उंचावलेला एकजण, आणि खाली ग्रीकमध्ये 'अलेक्सामेनोस देवाची पूजा करतो' अशी टवाळी. क्रूसावरच्या ख्रिस्ताचं आपल्याला मिळालेलं एक अगदी जुनं चित्र हे असं, चिडवणाऱ्याने काढलेलं आहे. ख्रिस्ती कलेत वधस्तंभाचं दृश्य उघडपणे येतं ते पाचव्या शतकात. रोममधल्या सांता साबिना चर्चचं कोरीव लाकडी दार साधारण ४३० चं आहे.

पण चित्र नव्हतं म्हणजे क्रूसाचा विचारच नव्हता, असं समजू नका. तो अक्षरांत होता. दुसऱ्या शतकाच्या पूर्वार्धात किंवा त्याच्याही थोडं आधी लिहिलेल्या, बर्णबाच्या नावाने चालणाऱ्या पत्रात बायबलमधल्या अब्राहामाच्या ३१८ माणसांचा अर्थ असा लावलाय: ग्रीक अंकलेखनात ३०० म्हणजे 'ताउ', आकार क्रूसाचा; १८ म्हणजे 'इओटा-एटा', येशूच्या नावाची पहिली दोन अक्षरं. पुढे शुभवर्तमानांच्या पपायरस हस्तलिखितांत 'क्रूस' आणि 'क्रूसावर खिळणे' या शब्दांतल्या 'ताउ'वर 'ऱ्हो' अक्षर बसवून एक जोडाक्षर केलेलं दिसतं. उभी दांडी, आडवी दांडी, आणि माथ्यावर उजवीकडे गोल. जणू क्रूसावर झुकलेलं डोकं. ही हस्तलिखितं अक्षरवळणावरून सहसा इ.स. २०० च्या आसपास किंवा तिसऱ्या शतकात ठेवतात. काही अभ्यासक आणखी पुढे ओढतात. चौथ्या शतकातल्या सम्राट कॉन्स्टंटाइनच्या आधीची मानली तर क्रूसाचं हे सर्वांत जुनं ख्रिस्ती चित्र ठरतं, आणि ते एका लेखनिकाने एका शब्दाच्या आत काढलेलं आहे.

हे जोडाक्षर आणि 'खी-ऱ्हो' यांत लोक नेहमी गल्लत करतात. खी-ऱ्हो म्हणजे इंग्रजी एक्ससारख्या अक्षरातून उभं गेलेलं पी-सारखं अक्षर. ख्रिस्त या नावाची पहिली दोन ग्रीक अक्षरं. ख्रिस्ती लोकांच्याही आधी हेच चिन्ह इजिप्तच्या तिसऱ्या टॉलेमीच्या ब्राँझ नाण्यांवर गरुडाच्या पायांमध्ये आहे, आणि ग्रीक लेखनिक समासात 'उपयुक्त' अशा खुणेसाठी ते वापरत. ख्रिस्ती जगात ते मोठं झालं ते कॉन्स्टंटाइनमुळे. २८ ऑक्टोबर ३१२ ची रोमजवळच्या मिल्विअन पुलाची लढाई त्याने या चिन्हाच्या बळावर जिंकली, असं सांगतात. पण कथा दोन आहेत. ख्रिस्ती लेखक लॅक्टँटिअस काही वर्षांतच लिहितो की स्वप्नात आज्ञा झाली आणि ढालींवर चिन्ह काढलं. त्याचं वर्णन (माथा वळवलेला, आडवा केलेला एक्स) खी-ऱ्होपेक्षा ताउ-ऱ्होच्या जवळ जातं. आकाशात दिसलेला प्रकाशाचा क्रूस आणि 'याने जिंक' हे शब्द येतात ते बिशप युसेबिअसने लिहिलेल्या कॉन्स्टंटाइनच्या चरित्रात, सम्राटाच्या मृत्यूनंतर म्हणजे ३३७ नंतर. त्याच युसेबिअसच्या आधीच्या इतिहासात लढाई आहे, आकाशातला क्रूस नाही. वस्तू बघाल तर ३१५ च्या, इटलीतल्या तिकिनमच्या टांकसाळीत पाडलेल्या चांदीच्या पदकावर सम्राटाच्या शिरस्त्राणावर इवलासा खी-ऱ्हो आहे, आणि त्याच वर्षीच्या रोममधल्या विजयकमानीवर एकही ख्रिस्ती चिन्ह नाही. म्हणून एखाद्या वस्तूवर ठळक खी-ऱ्हो, बाजूला अल्फा आणि ओमेगा (ग्रीक वर्णमालेतलं पहिलं आणि शेवटचं अक्षर) असं दिसलं, तर मी ती ३१२ नंतरचीच धरून चालतो. कोणी 'पहिल्या शतकातली अंगठी' म्हणून असं काही विकत असेल तर पैसे खिशातच ठेवा.

आता गोव्याची अक्षरं. 'आय-एच-एस' हे इंग्रजी नाही, मुळात लॅटिनही नाही. ग्रीक हस्तलिखितांत येशू, ख्रिस्त, देव, प्रभू असे शब्द पूर्ण लिहीत नसत. काही अक्षरं घेऊन वर आडवी रेघ मारत. 'इएसूस'ची पहिली तीन अक्षरं इओटा, एटा, सिग्मा. एटा दिसायला लॅटिन एचसारखं, पण उच्चार 'ए'चा. लॅटिन लेखनिकांनी आकार जसाच्या तसा उतरवला आणि पुढच्यांना तो एच वाटला. ग्रीक विसरल्यावर लोक अर्थ जुळवू लागले: लॅटिनमध्ये 'येशू, मानवांचा तारणारा', आणि इंग्रजीत तुम्ही ऐकलात तो. पंधराव्या शतकात इटलीतल्या सिएनाच्या बर्नार्डिनो या धर्मोपदेशकाने सूर्यकिरणांतलं हे नाव गावोगावी नेलं, पुढे जेझुइटांनी, म्हणजे येशूसंघाच्या धर्मगुरूंनी, आपल्या मुद्रेवर घेतलं, आणि त्यांच्याबरोबर ते सोळाव्या शतकात गोव्यात उतरलं.

त्यातली एक खूण कुठल्याही जेझुइट चर्चमध्ये तुम्हाला स्वतः पडताळता येईल. मधल्या एचवर सहसा छोटा क्रूस असतो. मध्ययुगीन हस्तलिखितांत हे नाव लहान लिपीत लिहीत, तेव्हा एचची उंच दांडी वरच्या संक्षेपाच्या रेघेला छेदून जाई. दांडी उभी, रेघ आडवी. तो क्रूस तिथून आला.